करपलेल्या हळदीचा वास

१

धनत्रयोदशीच्या सकाळी कुसुमताई गिरडकरांनी लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून लाल मखमलीची थैली काढली, आणि हाताला वजनच लागलं नाही. त्यांनी थैली उलटी केली. आतून काही पडलं नाही.

त्या थैलीत सोन्याच्या पुतळ्यांची माळ असायची. सासूने ती कुसुमताईंच्या गळ्यात घातली होती, आणि यंदा लक्ष्मीपूजनाला त्या ती नव्या सुनेच्या, गोपिकाच्या, गळ्यात घालणार होत्या. मुलगा भिलाईला नोकरीला होता, तो त्याच दिवशी यायचा होता. साऱ्या गोतावळ्यात ही गोष्ट बोलून झाली होती.

"अहो, माळ नाही जी!"

त्यांच्या ओरडण्याने शहरातल्या महाल भागातली ती अरुंद गल्ली गोळा झाली. शेजारच्या घरातून दीर भैय्याजी आणि त्यांची बायको प्रेमलता धावत आले. नळावरच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती. मागच्या अंगणात कामवाली पंचफुला भांडी विसळत होती, ती ओल्या हातांनीच पुढे आली.

"घरात बाहेरचं कोण येते?" प्रेमलताने विचारलं.

सगळे दादाजींकडे पाहू लागले. दादाजी गिरडकर म्हणजे कुसुमताईंचे यजमान. जन्म कोर्टात गेला, नाझर म्हणून निवृत्त झाले. गल्लीतल्या उत्सव समितीचे अध्यक्ष तेच. कोणाला भाडेकरू ठेवायचा असला, कोणाला जमीन घ्यायची असली, तर आधी दादाजींना विचारायचं अशी रीत होती.

दादाजींनी पंचफुलाच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कामवाली बाई येते, जाते. आपण कुठवर पाहणार?"

ते एवढंच बोलले. पण बोलणारे दादाजी होते. बायांनी पंचफुलाचं गाठोडं नळापाशी उघडलं. त्यात भाकर निघाली, एक फाटकं लुगडं निघालं. माळ निघाली नाही, तरी कोणी 'चुकलं' म्हणालं नाही. पुन्हा या गल्लीत पाय ठेवू नको, असं तिला सांगण्यात आलं.

"मी नाही घेतली जी," पंचफुला परत परत म्हणत होती. "पोरीची आण घेतो, मी नाही घेतली."

"पोलिसात द्या हिले," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"पोलीस नको!" दादाजी एकदम म्हणाले. "सणाचे दिवस आहेत. जाऊ द्या तिले."

केवढं मोठं मन, असं सगळ्यांना वाटलं. एकट्या कुसुमताईंना ते खटकलं. गल्लीत कोणाची साधी सायकल गेली तरी हाच माणूस त्याला हाताला धरून चौकीवर नेत असे.

२

दुपारी त्यांनी सायकलरिक्षा केली आणि गणेशपेठेत मावसभावाचं घर गाठलं. देवराव उमाळे फौजदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता कुंड्यांमधून शेवंती लावत बसले होते. ते ऐकत असताना समोरच्याकडे पाहत नसत. त्यामुळे माणूस जास्त बोलतो, असा त्यांचा अनुभव होता.

"किल्ल्या किती?" शेवंतीची वाळकी पानं खुडत त्यांनी विचारलं.

"दोन. एक माझ्या कमरेले असते. दुसरी यांच्या कोटात."

"माळ शेवटची कधी पाहिली?"

"दसऱ्याले. सोनं पुजलं, ठेवून दिली."

"पंचफुला कशी बाई आहे?"

कुसुमताईंचे डोळे भरले. "खाप्याची आहे, विधवा. चार घरची भांडी घासून पोरीले वाढवलं. तुळशीच्या लग्नानंतर पोरीचं लग्न आहे, खाप्यालेच. त्या सोयऱ्यांची एक बहीण आपल्याच गल्लीच्या टोकाले राहते. आज सगळं पाहून राहिली होती, भाऊ. खाप्याले निरोप गेलाच समज."

"तुला काय वाटते? तिनं घेतली?"

त्यांनी मान हलवली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत अगदी हळू म्हणाल्या, "सांगाले लाज वाटते, भाऊ. मले सुनेवर संशय येते."

३

गल्लीच्या तोंडाशी समितीचा फळा होता. त्यावर दादाजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सणासुदीला सावध राहा. अनोळखी माणसास घरात घेऊ नये. स्वस्तात वस्तू देतो, दुप्पट करून देतो, असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दागिने परक्याच्या हाती देऊ नयेत.' देवरावांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग घरात शिरले.

दादाजींनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, पण नजर दिली नाही. "देवरावजी, घरची गोष्ट आहे. काहून त्रास घेता?"

"फराळाले आलो म्हणा," देवराव म्हणाले.

देवघरापाशी ते घुटमळले. चांदीची समई, लहानशी अन्नपूर्णा, निरांजन सगळं लखलखत होतं, पांढरं शुभ्र. डोळ्याला टोचावं असं. त्याच्याच पायाशी पितळेचं ताम्हण आणि घंटी मात्र काळवंडलेली होती.

"देव फार छान घासले," ते कुसुमताईंना म्हणाले.

कुसुमताईंनी आता कुठे नीट पाहिलं. "गोपिकानं घासले असतील. या गडबडीत माझं लक्षच नाही गेलं."

गोपिका स्वयंपाकघरात करंज्या करत होती. मौद्याच्या शेतकऱ्याची मुलगी, घरात येऊन वर्ष व्हायचं होतं. देवराव चुलीजवळच्या पाटावर बसले तेव्हा तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मामाजी, मी माळ माहेरी पाठवली असं म्हणून राहिले ना सगळे?" तिने स्वतःच विचारलं. "कोणी बोलत नाही, पण मले समजते. सकाळपासून सासूबाईनं मले कपाटाच्या खोलीत जाऊ नाही दिलं."

"तू देव घासले का गं?"

"मी? नाही जी. सासूबाईनं घासले ना."

देवरावांनी एक करंजी उचलली. "घरातून अजून काही गेलं?"

ती घुटमळली. "दुधाचं पातेलं सापडत नाही. लहानसं, ॲल्युमिनियमचं. आम्ही दोघी इतवारीच्या बाजारात खरेदीले गेलो होतो ना, वसुबारसेच्या आदल्या दुपारी, तेव्हापासून. सासूबाई रागावतील म्हणून नाही सांगितलं."

"आणि त्या दुपारी घरी कोण होतं?"

"मामंजी एकटेच. झोपले होते." मग तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "अजून एक आहे. सांगू की नको, मले समजत नाही. इतवारीत सराफाच्या दुकानातून भैय्याजीकाकाले निघतांना पाहिलं मी. मले पाहून त्यांनी तोंड फिरवलं आणि गर्दीत घुसले."

४

दुसऱ्या दिवशी नाग नदीकाठच्या वस्तीत पंचफुला खोलीच्या दारात बसली होती. आत तिची मुलगी तोंडावर ओढणी घेऊन पडली होती. शेजारपाजारच्या बाया देवरावांना पाहून आपापल्या दारात आल्या. पुन्हा झडती होणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

देवराव तिच्या समोर जमिनीवर उकिडवे बसले. "बाई, मी पोलीस नाही आता. मला फक्त दोन गोष्टी सांग. देव तू घासले?"

"मी देवाले हात नाही लावत जी. ते घरचेच करतात. सुनबाईनं घासले असतील."

म्हणजे सून सासूचं नाव घेत होती, सासू सुनेचं, आणि मोलकरीण पुन्हा सुनेचं. घरातल्या तिन्ही बायकांनी चांदीला हात लावलेला नव्हता.

"वसुबारसेच्या आदल्या दुपारी तू भांड्याला गेली होतीस?"

"गेलो होतो ना. दार आतून बंद. मी कडी वाजवली, त दादाजी आतूनच म्हणाले, आज राहू दे, उद्या ये. दार नाही उघडलं."

"हे तू काल कोणाला काहून नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं जी मले?" ती म्हणाली. "आणि दादाजीच्या तोंडावर मी काय बोलू? त्यांचं खरं होणार का माझं?"

देवराव उठू लागले. तिला काहीतरी आठवलं.

"आतून वास येत होता, साहेब. हळदीचा. करपल्यासारखा. मले वाटलं, बाई घरी नाही, दादाजीनं भाजी चुलीवर ठेवली का काय!"

देवराव अर्धे उठलेले तसेच थांबले. दादाजी गिरडकरांनी उभ्या जन्मात चूल पेटवली नव्हती.

५

भैय्याजींच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर देवरावांनी देवघराकडे पाहिलं. चांदीचा लहान गणपती लखलखत होता, तसाच पांढरा शुभ्र.

प्रेमलताने चिवडा आणून ठेवला. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि बांगड्यांच्या मागेपुढे पिवळ्याधमक पाटल्या. देवरावांनी चिवडा घेतला आणि पाटल्यांकडे पाहत म्हणाले, "नव्या केल्या वाटते?"

"नाही जी, जुन्याच आहेत," ती म्हणाली. "यांनी उजळून आणल्या."

"कोणत्या सराफाकडून?" त्यांनी भैय्याजींना विचारलं.

भैय्याजींनी बायकोला पाणी आणायला आत पाठवलं. ती वळल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांत दाबून धरले.

"तिले माहीत नाही," ते पुटपुटले. "पितळेच्या आहेत. वरून मुलामा दिला."

मग सगळं बाहेर आलं. दसरा झाल्यावर एक माणूस आला होता. धुवट धोतर, कपाळाला गंध, गोड बोलणं. चांदी उजळायची पूड विकायला आलो म्हणाला, पैसे नको, आधी पाहा. गणपती असा उजळून दिला की भैय्याजी पाहतच राहिले. सोनंही उजळते, तो म्हणाला, फक्त हळदीच्या पाण्यात शिजवावं लागते. भैय्याजींच्या डोळ्यांदेखत पाटल्या भांड्यात टाकल्या, झाकण ठेवलं, मग डबीत घालून वर हळदीचा लेप दिला, दोरा गुंडाळला. लक्ष्मीपूजनापर्यंत उघडू नका, झळाळी बसायची आहे. भैय्याजींना राहवलं नाही, त्यांनी आधीच उघडली. आत खडे होते.

"पोलिसात काहून नाही गेला?"

"पोलिसात गेलो असतो त दादाजीले समजलं असतं." भैय्याजींचा आवाज चिरकला. "लहानपणापासून मले बावळट म्हणून राहिला तो. चार लोकांत सांगितलं असतं त्यानं. मी म्हटलं, खोट्या पाटल्या चालतील, पण ते हसणं नको."

देवरावांनी शेवटचा प्रश्न विचारला. "तो माणूस जाताना काही बोलला?"

भैय्याजींनी मान खाली घातली. "विचारलं त्यानं. बाजूले मोठे भाऊ राहतात ना तुमचे? मी हो म्हटलं. तेव्हा मले काय माहीत होतं, देवरावजी! पण नंतर माहीत झालं होतं. नंतर मी जाऊन सांगू शकत होतो. मधे एकच भिंत आहे."

६

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी घरातल्या बायका रांगोळीला बाहेर होत्या. देवरावांनी माडीवर दादाजींना गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"चोर सापडला?" दादाजींनी विचारलं.

"चोरी झालीच नाही," देवराव म्हणाले. "कुलूप किल्लीनं उघडलं. एक किल्ली त्या दुपारी इतवारीत होती, कुसुमच्या कमरेला. दुसरी तुमच्याकडे. देवघरातली चांदी उजळली आहे आणि घरातली एकही बाई म्हणत नाही की मी घासली. दुधाचं पातेलं गेलं. पंचफुलाला तुम्ही दारातून परत पाठवलं, आणि तिला करपलेल्या हळदीचा वास आला. भैय्याजीच्या घरीही चांदी अशीच उजळली आहे, दादाजी. त्याच्या डबीत खडे निघाले. तुमच्या डबीत काय निघालं?"

दादाजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. खाली फटाक्यांचा एक सर फुटत गेला.

"खडेच," ते म्हणाले.

मग ते खाटेवर बसले आणि एकदम फार म्हातारे दिसले.

"भैय्याजीचं नाव सांगितलं त्यानं. तुमच्या भावाकडे काम केलं म्हणाला. मी काही लगेच नाही ऐकलं, देवरावजी. मी त्याले उलटसुलट विचारलं. आधी समईच दिली, दागिना नाही. तो म्हणाला, साहेब, तुमच्यासारख्या पारखी माणसाच्या समोर काम करायचं म्हणजे माझीच परीक्षा आहे. तुम्ही नजर हलवू नका. मी नाही हलवली. शेवटी त्यानं चमचाभर हळद अजून मागितली, तेवढा उठलो." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सुनेच्या गळ्यात पडतांनी माळ नवी दिसावी, एवढंच मनात होतं. बायको म्हणाली असती, यांनी केलं."

"आणि पातेलं?"

"हळद करपून तळाले बसली होती. विहिरीत टाकलं."

"आणि पंचफुला?"



"मी तिले चोर नाही म्हटलं," दादाजी म्हणाले.

"नाही म्हटलं. तुम्ही फक्त एक वाक्य बोलले, आणि बाकीचं लोकांवर सोडलं. कोर्टात राहिलेला माणूस. तुम्हाला माहीत होतं त्या वाक्याचं काय होणार."

"मी तिच्या पोरीच्या लग्नाचा सारा खर्च देतो. आज देतो. चुपचाप."

"तिचं गाठोडं चुपचाप नव्हतं उघडलं," देवराव म्हणाले. ते रागावलेले नव्हते. त्यांनाही त्या खोलीत उभं राहणं जड जात होतं. "तो माणूस तुमची माळ हातचलाखीनं नाही घेऊन गेला, दादाजी. तुम्ही कोणाला सांगणार नाही, या भरवशावर घेऊन गेला. भैय्याजी बोलला नाही म्हणून तुम्ही फसले. तुम्ही बोलले नाही म्हणून आता अजून कोण फसून राहिलं असेल, देव जाणे. मी कोणाला काही सांगणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा."

दार उघडून ते खाली निघून गेले.

७

संध्याकाळी गल्लीत समितीची सामुदायिक आरती झाली. आरतीनंतर अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचे, ही दर वर्षीची पद्धत. दादाजी ध्वनिक्षेपकापाशी आले. भिलाईहून आलेला मुलगा पुढे उभा होता, त्याच्या मागे गोपिका, गळ्यात नुसतं मंगळसूत्र.

"आमची माळ चोरीला गेली नाही," दादाजी म्हणाले. कर्ण्यातून त्यांचा आवाज गल्लीभर गेला आणि तो आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं. "मी ती माझ्या हातानं एका ठगाले दिली. पंचफुलाबाईनं काही नाही केलं. मले हे माहीत होतं. तिचं गाठोडं उघडलं तेव्हाही माहीत होतं. मी लाजेनं बोललो नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूड, समई, हळद, डबी. लक्ष्मीपूजनापर्यंत उघडू नका, हे त्याचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतून एक पोरगा फिस्सकन हसला. दादाजी थांबले, घाम पुसला आणि पुढे बोलले.

बोलणं संपलं. कुसुमताई सुनेकडे पाहत होत्या, सून जमिनीकडे. तेवढ्यात गर्दीतून भैय्याजी पुढे आले. "माझ्याकडे पहिले आला होता," एवढंच ते म्हणाले आणि प्रेमलताने आपल्या हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं.

"गंधवाला? धुवट धोतराचा?" गल्लीच्या टोकाशी एकट्या राहणाऱ्या जिजाबाईंनी विचारलं. "त्याची डबी माझ्या देवापाशी ठेवली आहे वं, बायांनो. आज पूजा झाल्यावर उघडणार होतो."

त्या डबीतही खडेच होते.

त्याच रात्री दोघे भाऊ देवरावांबरोबर चौकीवर गेले आणि दोघांनी आपापल्या नावाने तक्रार दिली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, नावानिशी. त्या वाचून वर्ध्याच्या एका बाईने दारात आलेल्या गोड माणसाला चहाला बसवलं आणि मागल्या दाराने शेजाऱ्यांना बोलावलं. तो पकडला गेला. सोनं तोवर वितळलं होतं. माळ परत आली नाही. गोपिकाच्या गळ्यात कुसुमताईंनी स्वतःची बोरमाळ काढून घातली आणि तिला म्हणाल्या, "माझ्या मनात आलं होतं वं. मी तोंडानं बोलली नाही, पण आलं होतं." गोपिका म्हणाली, "मले माहीत आहे." आणि दोघी करंज्यांच्या डब्याला झाकण लावत बसल्या.

८

तुळशीच्या लग्नाआधी दादाजी आणि कुसुमताई एस.टी.ने खाप्याला गेले. पंचफुलाचे होणारे व्याही, धोंडबा, ओसरीत बसले होते. पंचफुलाही तिथेच होती. चोरीच्या बोभाट्याने मोडलेली सोयरीक पुन्हा जुळवायला ती सकाळीच आली होती आणि अजून तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

दादाजींनी टोपी काढली आणि गल्लीत जे सांगितलं होतं ते इथे पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. ते सोपं गेलं नाही.

"आमच्या कानावर दुसरंच आलं होतं जी," धोंडबा म्हणाले. मग पंचफुलाकडे वळले. "बाई, तुम्ही हे मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना," पंचफुला म्हणाली. "दोनदा सांगितलं. तुम्ही ऐकलं कुठं?"

धोंडबांनी उठून तिच्यासाठी घोंगडी अंथरली आणि आत सुनेला चहा टाकायला सांगितलं. लग्न ठरल्याप्रमाणे होणार, असं ते दोनतीनदा म्हणाले. त्यांनाही कोणाच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

निघताना पंचफुला त्यांना थांब्यापर्यंत सोडायला आली. कन्हान नदीच्या अंगाने गार वारा येत होता.

"बाई, कामावर परत ये," दादाजी म्हणाले. "पगार वाढवून देतो."

"नाही जी."

"अजून राग आहे?"

"राग नाही. तुमाले चार लोकांत बोलावं लागलं, मले समजलं ते. पण आता तुमच्या घरात मी भांडं उचललं, की तुम्ही पाहाल. मी चोर नाही, हे आठवून आठवून पाहाल. मले ते नाही चालणार."

कुसुमताईंनी तिचा हात धरला, तो तिने धरू दिला. बस आली. दादाजींनी एक पाय पायरीवर ठेवला, मग खाली घेतला आणि वळून, भर थांब्यावर, त्या बाईला हात जोडले. लोक पाहत होते. इतक्या मोठ्या माणसाच्या नमस्काराचं काय करावं, हे पंचफुलाला कळेना. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बस हलेपर्यंत रस्त्याकडे पाहत उभी राहिली.